दुसरं कडवं

प्रिय हेनारे,

रविवारची सभा पार पडली आणि मी आता आपल्या लोकांची वकील राहिलेले नाही. घाबरू नकोस, मजेत आहे. काळा कोट घालून, फाइल छातीशी धरून गेले, तर हुरिया मावशीने सभाघराच्या स्वयंपाकघराच्या दारातच ॲप्रन पुढे केला. म्हणाली, "वकीलबाई, आधी रताळी सोला, कलमं मग." दोन पोती सोलली.

नदीमुखाजवळच्या जमिनीचं तुला माहीतच आहे. पाइनची झाडं लावणाऱ्या कंपनीला भाडेपट्टा वाढवून हवाय, मावशीला तिथे म्हाताऱ्यांसाठी घरं बांधायची आहेत. मालक कोण आणि त्यांना काय हवंय, हे जमिनीचं कोर्ट विचारणार. म्हणून वर्षभर मी मालकांची यादी लावत होते. तीनशे बारा नावं, निम्मी माणसं कधीच गेलेली. एकेकाचे वारस शोधायचे. गुरुवारी एका नावाशी अडखळले: 'रेपेका तुहोरू'. कुण्या जुन्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं. ती आपली आजी, रिपेका तुहोरो, जिचं नाव मला ठेवलंय.

म्हणजे आपण दोघं भावंडंही मालक. मग ज्या जमिनीत माझाच वाटा, तिची वकिली मी कशी करू? निकालापर्यंत गप्प राहिले तर कुणाला कळणार होतं, असंही मनात आलं. तीन दिवस डायरीत स्वतःशी भांडले, आणि सभेत उठून सांगून टाकलं. मावशी चहा ढवळत म्हणाली, "आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे. तू सांगतेस का, तेवढं पाहत होतो." सगळे पोट धरून हसले. मीही.

पण आपल्यात भाषण झालं की बोलणाऱ्याच्या पाठीशी त्याच्या माणसांनी उठून गाणं म्हणायचं असतं ना, तर मी बोलून बसले तरी कुणी उठेना. आजवर माझ्या भाषणामागे मावशीच उठायची. या वेळी ती म्हणाली, "तेव्हा वकील म्हणून आलेली पाहुणी होतीस. आता घरची झालीस, घरच्यांना बोलव." मग मीच आजीचं गाणं धरलं. पहिलं कडवं झालं, दुसरं आठवेना. शेवटी सगळ्यांनी नुसतं गुणगुणून मला खाली बसवलं.

चौदा तारखेला कोर्ट आहे. खटला दुसरी वकीलबाई चालवेल, मी मालक म्हणून घरांच्या बाजूने बोलणार. बाबांना पुरलं त्या दिवशी आपण भांडलो आणि तू पर्थला गेलास, त्याला अकरा वर्षं झाली. चूक कुणाची, हे मी डायरीत पुष्कळदा तपासलंय. बरीचशी माझी निघते. घरांना संमती म्हणून मालकांच्या सह्या लागतात, पण तुझ्या सहीचा कागद मुद्दामच सोबत पाठवलेला नाही. सही इथे येऊन कर. मी बोलून बसेन तेव्हा माझ्यामागे कुणीतरी उठायला हवं, आणि दुसरं कडवं फक्त तुला येतं.

तुझीच,
रिपेका