कोरी पट्टी

कोल्हापूर,
गुरुवार

प्रिय इमाम,

रविवारी मलकापूरला गेलो होतो. तुझ्या आई, हुसेनबी चाची, दुखण्यातून उठून आता हिंडतात-फिरतात. चहा पाजला आणि तुझ्या नावानं सुनावलं, "अणू फोडतोय म्हनं, आणि फोनवर आईपुढं तोंड उघडाय हुईत न्हाय व्हय त्येला?"

माझं काम तेच. तुम्ही अणुभट्टीवरच्या लोकांनी तीन महिने छातीवर लावलेले, अंगावर किती किरण पडले ते सांगणारे बिल्ले आमच्या प्रयोगशाळेत येतात. आतली प्लास्टिकची पट्टी कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवली, की न्यूट्रॉननं जिथं इजा केली तिथं बारीक खड्डे उमटतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. न्यूट्रॉन दिसत नाही, पण माग ठेवून जातो. सकाळी जोतिबाला हात जोडून कामाला बसणाऱ्या माणसाला याचं नवल वाटत नाही.

परवा शाळा आठवली. गुरुजी जवळ आले की तू थुंकी लावून पाटी पुसायचास. चुकलेलं गणित दिसण्यापेक्षा कोरी पाटी बरी, हे तुझं शहाणपण. गुरुजींनी कान धरून विचारलं होतं, "चुकल्यालं दिसलं तर शिकवीन. कोऱ्या पाटीला काय शिकवू?" कान तुझा लाल झाला, हसलो मात्र मी.

दिवाळीत तू आलास तेव्हाही मी हसलोच. बिल्ल्यावरचा क्रमांक दाखवत तू म्हणालास, "ह्यात किरणांचा आकडा वाढला की भट्टीच्या कामावरनं उठवत्यात. मग बसा कागदं चाळत." तेव्हाच तुला खोदून विचारायला हवं होतं.

काल तो क्रमांक माझ्या भिंगाखाली आला. तुझ्या पाळीतल्या चौघांच्या पट्ट्यांवर खड्डे आहेत, मर्यादेच्या आतले. तुझी पट्टी घरच्या कपाटात राहिल्यासारखी कोरी. मी ती दोनदा मोजली. तू बिल्ला काढून ठेवतोस, इमाम. पट्टी वापरलेली दिसत नाही, असं मी अहवालात लिहिलंय. तो सोमवारी जाईल आणि दोस्तीखातर त्यातला शब्द हलणार नाही. फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून हे पत्र. ते शनिवारी पोचेल. अहवालाच्या आधी तू स्वतः साहेबांपुढं तोंड उघड. सोबत्यांच्या पट्ट्यांवरून तुझ्या अंगानं किती सोसलं याचा अंदाज लावता येतो, डॉक्टरही तपासतील. पुढच्या खेपेला तुझ्या पट्टीवर खड्डे दिसले, की मी जोतिबाला नारळ फोडीन.

तुझ्या शेजारी पाटी धरून बसलेला, तुझाच,
जोतीराम