शोकेसमागची भिंत

३ नोव्हेंबर, सोमवार
बंगळुरूहून परत येऊन आठवडा झाला. नंदा तिथेच राहिली. आमच्या श्रुतीच्या बाळासाठी तीन महिने म्हणून गेली होती, वर्ष होत आलं.
लिफ्टपाशी वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकू भेटल्या. "शिरीष, माझा एक धड फोटो काढ ना रे. घरच्या सगळ्या फोटोंत मी कडेला. एकात तर अर्धीच." हो म्हणून बसलो. रिटायर झाल्यावर कॅमेरा घेतला खरा, पण आजवर फक्त कबुतरं काढलीत. माणूस बसवायचा तर मागे काय लावायचं?

५ नोव्हें., बुध
हॉल नीट बघितला. सोफ्यामागची भिंत पिस्ता, चेहऱ्यावर हिरवट झाक येते. दुसरीवर स्विचबोर्ड, कॅलेंडर, इन्व्हर्टर. खिडकीचा उजेड जिथे मस्त पडतो तिथे नंदाचं शोकेस.
टायमर लावून स्वतःचेच काढले. चौदा. चौदाही फोटोंत मी कुणाची तरी वाट बघत बसलोय असं दिसतं.

८ नोव्हें., शनि
पांढरी चादर टांगली. इस्त्री करूनही घड्या दिसतात. दोरी बांधताना दुसरं टोक धरायला कुणी नाही. शेवटी कपाटाच्या दारात चिमटलं. दोनदा पडली. सोडून दिलं.

९ नोव्हें., रवि
मार्केटमधून करडं कापड आणलं. दुकानदार म्हणे, "पडदा की सोफा?" फोटोसाठी म्हटल्यावर, "मग मरून घ्या ना काका, एकदम झकास." करडंच घेतलं.
संध्याकाळी काकूंना नमुना म्हणून बसवून स्क्रीनवर दाखवलं. बघून थेट मालवणीवर आल्या, "अरे मेल्या, हार घालूचो तेवढो बाकी आसा!"
दोघंही खूप हसलो. त्या गेल्यावर टीव्ही लावला. बघितला नाही.

१२ नोव्हें., बुध
शोकेस हलवायचं तर नंदाला विचारायला हवं. माहेरच्या कपबश्या, श्रुतीची बक्षिसं, सगळं तिचंच आहे त्यात. फोन केला. मागे बाळ रडत होतं.
"शोकेस जरा सरकवू का? फोटोला भिंत हवीये."
"काढूनच टाका ना अहो. मला काय करायचंय आता त्याचं."
बरं म्हटलं. तिने बाळाची आंघोळ म्हणून फोन ठेवला.
'आता' म्हणजे? तेव्हाच विचारायचं होतं. नाही जमलं.

१३ नोव्हें., गुरु
एकेक कपबशी पेपरात गुंडाळली. सकाळ गेली. वॉचमनला बोलावून शोकेस आतल्या खोलीत सरकवलं.
मागे जुना रंग! मागच्या वेळी रंगाऱ्यांनी शोकेस न हलवताच भोवती पिस्ता मारला होता, आमच्या लक्षातही आलं नाही. मधे हा निळसर राखाडी, थोडा डागाळलेला. राहायला आलो तेव्हा नंदाने निवडलेला. फार उदास आहे म्हणून मी तेव्हा तोंड वाकडं केलं होतं.
खुर्ची ठेवून बघितली. मागे काहीच लावायला नको.

१६ नोव्हें., रवि
काकू आल्या. मोतिया साडी, केसांत अबोलीचा वळेसर. भिंतीपासून चार फूट पुढे बसवलं, म्हणजे मागे सावली पडत नाही. आधी अगदी पासपोर्टसारख्या ताठ. मग गप्पा.
"नंदा कधी येता?"
"बघू."
"बघू म्हणजे? ये म्हणून सांगितलंस तरी तिका?"
मी तेवढ्यात क्लिक केलं. एकूण तीसेक फोटो. काकूंनी तोच निवडला. "ह्योच दी. ह्यात मी कोणाक तरी ओरडतंय."
खरंच तोच चांगला आहे.

१७ नोव्हें., सोम
फोटो नंदाला पाठवला. दुपारी उत्तर, "काकू मस्त आल्यात. ही आपली भिंत ना?" हो लिहिलं. बराच वेळ 'टायपिंग' दिसत होतं. आलं काहीच नाही.

१९ नोव्हें., बुध
सकाळी, बाळ झोपण्याच्या वेळेला, मुद्दाम फोन केला. हवा-पाणी झालं. मग एकदाचं विचारलं, "नंदा, तू परत येणारेस का?"
मला वाटलं रेंज गेली.
"वर्षभरात आज विचारताय."
"हो. चुकलं."
"इथे माझी गरज आहे हो. तिथे… तिथे तुमचं चाललंच होतं की."
"चाललं नव्हतं."
मग म्हणाली, "मग तुम्ही का नाही येत इथे राहायला?"
हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनेही कधी म्हटलं नव्हतं. मी काय बोललो आठवत नाही. बहुतेक "अगं, पण घर…" असं काहीतरी. बाळ उठलं. "विचार करा," म्हणाली, आणि ठेवला.

२१ नोव्हें., शुक्र
काकूंचा फोटो बघून तळमजल्यावरचे कदम आले. रविवारी आईला घेऊन येऊ का, विचारत होते. तिचाही एकटीचा फोटो नाही म्हणे.
उद्या सांगतो म्हटलं. नंदाला अजून काही कळवलेलं नाही. दोनदा फोन हातात घेतला.