वरची एक जुडी

५ नोव्हेंबर, बुधवार

मेथी निवडायला या घरात जागा उरलेली नाही. डायनिंग टेबलावर कागद, सोफ्यावर कागद, फ्रिजला चिकटवलेला कागद. प्रत्येकावर तेच. दोन अधिक एक. तीन अधिक एक. चार अधिक एक. पानभर. उलटं केलं तर मागेही तेच. शेवटी जमिनीवर पेपर अंथरून निवडली. गुडघे अजून बोलताहेत.

ही डायरी माझ्या लेकाला, अमोलला, कुणा द्राक्षाच्या औषधवाल्याने दिलेली. वर्ष संपत आलं, कोरीच पडली होती. आता माझी. कुणाला दाखवायची नाही. घरात तोंड उघडलं की सुनेला, म्हणजे पूजाला, वाटतं टोमणा मारला. टोमणाच असतो, पण तिला कळावा असं थोडंच असतं.

वेदिका माझी नात. पहिलीत आहे. शाळेतून आली की दूध, दूध झालं की गणिताचा क्लास. तिथे संजना मॅडम नावाची बाई बसते. शिकवत काही नाही. कागद वाटते. पोरं भरतात, बाई टिक मारते, घरी करायला आणखी कागद देते. याला म्हणे सेल्फ लर्निंग म्हणतात. पोरं आपापलं शिकतात तर बाई कशाला ठेवली?

७ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळ

वेदिका आज कागदावर रडली. शाई फुटते तसे आकडे फुटले. पूजा मोबाइलवर टायमर लावून समोर बसली होती. मी विचारलं, पोरगी आहे का कुकर? पूजा म्हणाली, आई, रोजच्या सरावाने वेग वाढतो, पाया पक्का होतो. म्हटलं, पाया किती दिवस भरणार, वर घर कधी बांधणार? तिला लगेच ऑफिसचा फोन आला. नेमका.

दिवाळीपर्यंत वेदिका या वेळेला माझ्याजवळ बसून मटार सोलायची. सोलायची कमी, खायची जास्त. आता नाही. मला त्याचं काही नाही. मटार वाचतात.

९ नोव्हेंबर, रविवार

आज क्लासचं पितळ उघडं पाडलं. दुपारी पुऱ्या होत्या. सगळे जेवायला बसलेले. वेदिकाला विचारलं, ताटात सात पुऱ्या आहेत, मी आणखी पाच वाढल्या, किती झाल्या? ती म्हणाली, आजी, हे प्लसचं आहे का मायनसचं? घ्या! समोर पुऱ्या दिसताहेत आणि ही विचारते प्लस का मायनस. मग अमोलने पेपर नॅपकिनवर सात अधिक पाच लिहून दिलं. माझा घास तोंडात जायच्या आत तिने बारा लिहिलं. म्हणजे कागदाशिवाय पोरगी ठार आंधळी. पोपट झालाय तिचा.

मग मी सांगूनच टाकलं. मी चौथी पास. इथल्या गंगेवर, नदीकाठी, भरणाऱ्या बुधवारच्या बाजारात पालेभाजीचा ढीग लावून अख्खं आयुष्य काढलं. अमोलला गणित त्या ढिगामागे बसवून शिकवलं. झाला ना इंजिनिअर? जातो ना ओझरच्या कारखान्यात? कुठला कागद, कुठला टायमर? अमोल मान खाली घालून जेवत होता. आईचं कौतुक केलं की लाजतो, लहानपणापासून तसाच.

पूजा दमलेली होती. म्हणाली, ठीक आहे. महिनाभर क्लास बंद. तुम्ही शिकवा. डिसेंबरात तिथे लेव्हलची टेस्ट आहे. वेदिका पास झाली तर क्लास कायमचा सोडू. नाही झाली तर क्लासबद्दल या घरात एक शब्द बोलायचा नाही.

मी हो म्हटलं. आत्ताच पेढे आणून ठेवायला हवेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

निश्चय. रोज पाच ते सहा गणित. टीव्ही बंद. आवाज चढवायचा नाही. मटार सोलतच शिकवायचं, कामही होतं.

आज पहिला दिवस. सदतीस म्हटलं तर वेदिका माझ्या तोंडाकडे बघत बसली. तिला थर्टी सेव्हन लागतं. मला थर्टीच्या पुढचं येत नाही. कोणाला सांगणार? ठरवलं की वीसपर्यंतच शिकवायचं. वीसच्या वर सहा वर्षांच्या पोरीला मोजायचंय काय?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठी प्रगती. मोजणीची रीत शिकवली. पहिला एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचं. माझी आजी धान्य मोजताना तसंच म्हणायची, मीही जुड्या मोजताना तेच म्हणायचे. वेदिकाला भारी आवडलं. लाभ, टू, थ्री करत घरभर फिरतेय. चमचे मोजले, चपला मोजल्या, शेजारच्यांच्याही मोजून आली.

दुसरी रीत त्याहून महत्त्वाची. गिऱ्हाइकाने पाच जुड्या घेतल्या की वर एक टाकायची. ती हिशोबात नसते, मनात असते. तेवढ्यास तेवढं मोजून देणारा चिंधी. वेदिकाने विचारलं, आजी, नेहमी? म्हटलं, नेहमी. कागदात हे कुठे आहे? संस्कार म्हणतात याला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेला सुट्टी मारून वेदिकाला बाजारात नेलं. पूजाला सांगितलं पोट दुखतंय. कोणाचं ते विचारलं नाही.

माझी जागा आता लताबाईने धरली आहे. आम्ही दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या. वेदिकाला तिच्या कोथिंबिरीच्या ढिगामागे बसवलं. म्हटलं, बघ आता. पोरीने काय धडाका लावला! दोन मागितल्या की तीन. तीन मागितल्या की चार. एका बाईने नुसता भाव विचारला, तर तिलाही एक. थोड्या वेळाने बायांची रांग लागली. लताबाई म्हणाली, बायडे, लय दानशूर हाय तुझी नात, पण माझा धंदा हाय, अन्नछत्र नाय. हिला घरी ने.

लताबाई पहिल्यापासून जळकी. इतकं गिऱ्हाईक तिच्याकडे कधी आलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर, रविवार, दुपार

सगळे झोपलेत. क्लासचा एक जुना कागद कपाटाखाली सापडला. किती सोपा आहे ते कळावं म्हणून मीच भरला. भिंतीवरचं घड्याळ लावून. मागे उत्तरं होती, ती ताडून पाहिली. बरीच चुकली. चष्मा जुना झालाय. शिवाय खाली पेव्हर ब्लॉक कापताहेत, त्या आवाजात कोण गणित करेल? आणि छपाई इतकी बारीक. मोठ्या अक्षरात छापायला यांच्या बापाचं काय जातं?

कागद फाडून ओल्या कचऱ्यात टाकला. वर सालं टाकली.

१ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर अभ्यास झाला नाही. कळवणला पुतण्याच्या पोरीचं लग्न. हळद, लग्न, मग परतताना गाडी पंक्चर. त्याआधी दोन दिवस वेदिकाला सर्दी. त्याआधी मला. पण अभ्यास पुस्तकातच असतो असं कुठे आहे? लग्नात मी तिला पंगतीत लाडू वाढायला लावले. वाढप्यांनी नंतर तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. लाडू कमी पडले, त्याला ती काय करणार?

८ डिसेंबर, सोमवार

पूजाने विचारलं, शनिवारी टेस्ट आहे, उजळणी झाली का? म्हटलं, तुझ्या ऑफिसात तू रोज उजळणी करतेस का?

निश्चय. उद्यापासून उजळणी.

१२ डिसेंबर, शुक्रवार

उद्यापासून म्हणजे आजपासून केली. वेदिका म्हणाली, आजी, टेस्टमध्येपण वरची टाकायची? मी तेव्हा फोडणी देत होते. मोहरी तडतडत होती. म्हटलं, टाक बाई, टाक.

पेढे गेल्या आठवड्यातच आणलेत. माझ्या ट्रंकेत आहेत.

१३ डिसेंबर, शनिवार

सगळं चुकलं. सात अधिक पाच तेरा. चार अधिक चार नऊ. एक अधिक शून्य दोन. वरपासून खालपर्यंत प्रत्येक उत्तरात एक जास्त. तोंडी मोजायला सांगितलं तर लाभ, टू, थ्री.

संजना मॅडमने पूजाला आत बोलावलं. म्हणाली, आधी मला वाटलं कॉपी केली, पण कॉपी करणार कोणाची? इतकं एकसारखं दुसरं कोणी चुकत नाही. मग तिने वेदिकालाच विचारलं. वेदिकाने सांगितलं, मॅडम, बरोब्बर तेवढंच दिलं तर गिऱ्हाईक परत येत नाही.

मी म्हटलं, म्हणजे बेरीज येतेच की पोरीला! प्रत्येक उत्तरातून एक काढा, सगळी बरोबर आहेत. कोणी ऐकलं नाही. वेदिकाला कागदांच्या पहिल्या पाकिटावर बसवलंय. दोन अधिक एक. तीन अधिक एक. दिवाळीनंतर सुरुवात केली होती तिथेच.

ती रडली नाही. गाडीत खिडकीकडे तोंड करून बसली. माझ्याकडे बघितलं नाही. मला त्याचं काही नाही.

१४ डिसेंबर, रविवार

अमोल सकाळी चहा घेऊन माझ्या खोलीत आला. अमोल चहा करतो म्हणजे काहीतरी वाईट बोलायचं असतं. म्हणाला, आई, एक सांगू का? मीसुद्धा प्रत्येक उत्तरात एक जास्त लिहायचो. बाबांनी मला सावळीराम मास्तरांकडे लावलं होतं. शाळेमागच्या खोलीत. तू बाजारात असायचीस तेव्हा. मास्तर एकच गणित पाटीभर लिहून घ्यायचे, पुसायला लावायचे, पुन्हा लिहून घ्यायचे. हात दुखायचा. पण त्यानेच तुझी वरची जुडी गेली.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाला, तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस ना, मी शिकवलं म्हणून. बाबा म्हणाले, राहू दे तिला.

राहू दे तिला! हे असते तर आज विचारलं असतं. सुटले, जाऊन बसले वर.

आणि तो सावळीराम. दर बुधवारी माझ्याकडून मेथी न्यायचा. वरची जुडी पिशवीत टाकताना एकदाही नाही म्हणाला नाही. मेला.

पेढ्यांना बुरशी आली. ट्रंकेतली हवाच खराब.

१७ डिसेंबर, बुधवार

क्लासचा नवा नियम. घरचे कागद रोज कोणीतरी मोठ्या माणसाने तपासून, मार्क देऊन पाठवायचे. पूजा सातला येते, अमोल त्याच्याही नंतर. पूजाने लाल पेन्सिल माझ्या हातात दिली. उत्तरांचा कागद दिला. मोबाइलचा टायमर कसा लावायचा तेही दाखवलं. क्लासबद्दल एक शब्द बोलले नाही. शब्द दिलाय.

पाचला बसलो. डायनिंग टेबलावर. दोन अधिक एक, तीन अधिक एक. वेदिका लिहिते, मी टिक मारते. मध्ये मटारची पाटी ठेवली. पहिलं पान होईपर्यंत शेंगांना हात लावला नाही तिने. दुसऱ्या पानाला एक शेंग उचलली. मग खातच सुटली.

सगळं बरोबर आलं. मी खाली मार्क दिले. दहापैकी अकरा.

उद्या संजना मॅडमचा फोन येणार, हे काय म्हणून. मी उचलणार नाही. पूजाने उचलायचा नाही. वेदिकाला तर कोणी काही विचारायचंच नाही. अमोलने उचलायचा. अमोलनेच काय ते उत्तर द्यायचं.