ड्रायव्हर सीटवर मी

९ फेब्रुवारी, रविवार
ही वही बद्रीनाथची. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर, म्हणून सगळ्यांचा मास्तर. दुसऱ्या कुणी वाचू नये, बायको दैवशालानं तर बिलकुलच न्हाई.
आज गाडी आणली. स्वतःची फोर व्हीलर. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या पाठीमागं उभं राहून बेल मारली. आता मी ड्रायव्हर सीटवर. बेल न्हाई, हॉर्न. (हॉर्न सध्या वाजत न्हाई. किरकोळ काम आहे.)
अंबडच्या राधेश्यामशेठची गाडी. भला माणूस. चावी देताना माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच न्हाईत. गाडी निघाली तेव्हा आरशात दिसलं, त्यांची बायको बादली घेऊन आली आणि उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत पाणी ओतलं. घरातून मयत हलल्यावर ओततात तसं. काही लोकांना स्वच्छतेची फार आवड असते.
अंबड ते आमचं गाव, वाटेत तीनदा बंद पडली. नवा मालक ओळखायला टाइम लागतो.

१० फेब्रुवारी
दैवशालानं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मंग विचारलं, दारं उघडतात का म्हणून. नेमकं नको तेच विचारायचं.
उघडतात. चारही दारं बाहेरून उघडतात. आतून एकही न्हाई. मी काच खाली करून हात बाहेर घालतो आणि उघडतो. बाकी तीन काचा खाली होत न्हाईत, म्हणून बाकीच्यांना बाहेरून कुणीतरी उघडून द्यावं लागतं. तिला समजावलं की ही सेफ्टी आहे. चालत्या गाडीतून माणूस पडणारच न्हाई. एसटीत किती पडताना पाह्यलेत मी.
ती म्हणाली, पडणार न्हाई, पण निघणार कसा?
मी चावी खिशात टाकली. वाद वाढवायचा न्हाई असा संकल्प आहे.

१७ फेब्रुवारी
परतूरला शिवाजी मिस्त्रीकडं नेली. त्यानं बॉनेट उघडलं, आत वाकून पाह्यलं. मंग बॉनेट हळूच लावलं, झोपलेल्या माणसावर पांघरूण घालावं तसं. म्हणाला, मास्तर, इंजिन तापलं की ही मरते. कुठं मरंल, कधी मरंल, ते मी सांगू शकत न्हाई. घरासमोर झाकून ठेवा, शोभा येईल.
शिवाजीला जुन्या गाड्यांचं नॉलेज कमी आहे. त्याचा स्वभावच निगेटिव्ह.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
ओट्यावर बसलो होतो. गाडीत कुणी न्हाई, चावी माझ्या खिशात. तरी वायपर दोनदा हलला. कुणी हात हलवून निरोप घ्यावा तसा. मंग थांबला.
बॅटरीत करंट भरपूर आहे, हे चांगलं लक्षण.
गल्लीतलं कुत्रं सगळ्यांच्या गाडीखाली सावलीला बसतं, आपल्या बसत न्हाई. लांबून वास घेतं आणि मागं सरतं. शिस्तीची गाडी मुक्या जनावरालासुद्धा कळते.

२ मार्च
मंठ्याला लग्नाला गेल्तो. सोबत पुष्पाबाई, माझ्या चुलतभावाची बायको. दैवशाला एसटीनं आली. तिचं ती जाणे.
जाताना गाडीनं कमाल केली. एकदाच बंद. येताना ढाब्यावर चहाला उतरलो. तिथं जुने ड्रायव्हर लोक भेटले, गाडीचा विषय निघाला. वीसेक मिनिटं गेली असतील. पुष्पाबाई मागच्या सीटवरच राह्यल्या. काच वाजवून राह्यल्या होत्या, मी इथून हात केला, येतो येतो म्हणून. मला वाटलं घाई करतायत.
दार उघडलं तेव्हा तोंड लालभडक, पदर ओलाचिंब, बोलताच येईना. एका ट्रकवाल्यानं त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि माझ्याकडं असं बघितलं की जसा मी काही गुन्हाच केला.
ऊन त्या दिवशी जास्तच होतं. संकल्प: उतरताना आधी मागचं दार उघडायचं. मागचं आधी, मंग आपलं काम.

९ मार्च
अर्पिता आली. आमची एकुलती एक. पहिलं बाळंतपण, माहेरी. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिलीय. परतूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळं बराबर आहे, फक्त कळा सुरू झाल्या की टाइम घालवू नका.
संध्याकाळी जावई हरिओमचा संभाजीनगरहून फोन. म्हणाले, मामा, मी त्या आठवड्यात एक चांगली गाडी ठरवून दारात उभी करतो. मी सांगितलं, पोरगी माझी, बाळंतपण माझ्या घरचं, गाडीबी माझीच राहील. त्यांनी बरं म्हणून फोन ठेवला. पटलं असणार.
दैवशालाचं निराळंच. तिचा भाऊ साहेबराव, त्याची जीप आहे, एक हाक मारली की येतो. त्या जीपचं कौतुक मी पंधरा वर्षं ऐकून राह्यलो.

३० मार्च, पाडवा
गाडी धुतली. गुढीसमोर उभी केली, हार घातला. फोटो चांगला आलाय. फोटोत अर्पिता जरा लांब उभी दिसते.
ह्या वर्षीचा संकल्प एकच. नातू नाहीतर नात, पहिला प्रवास आजोबाच्या गाडीत.

१२ एप्रिल
आज ट्रायल घेतली. गाव ते परतूरचा दवाखाना, नऊ किलोमीटर. एकटाच गेल्तो. लागलेला टाइम: दोन तास दहा मिनिटं. ह्यातून थांबलेला टाइम वजा केला तर सतरा मिनिटं. उत्तम.
थांबलेल्या टाइमात रेल्वे फाटकाच्या दहा फूट अलीकडचं एक थांबणं धरलंय. फाटकावर सुग्रीव असतो, गेटमन, माझ्या ओळखीचा. तो केबिनमधून पळतच आला. मास्तर, म्हणाला, दहा फूट पुढं बंद पडली असती तर काय केलं असतं? मी म्हटलं, पण पडली न्हाई ना. तो म्हणाला, माझ्या फाटकावर ही परत आणू नका, हात जोडतो.
सरकारी माणूस कधीच जबाबदारी घेत न्हाई.
पुढं ट्रॅक्टरला दोरी बांधून आलो.

१५ एप्रिल
दैवशालानं जेवताना विचारलं, खरंच हिच्यात नेणार का? मी म्हटलं, ट्रायल पास झाली. ती म्हणाली, ट्रॅक्टर पास झाला.
जेवण अर्धं टाकून उठलो. मंग भूक लागली. परत बसणं बरं दिसलं नसतं.

१८ एप्रिल
दुपारी अर्पिता ओट्यावर येऊन बसली. पाय सुजलेत तिचे. गाडीकडं बघत होती. म्हणाली, बाबा, तुम्हाला राग येणार नसंल तर एक बोलू? मी मामाच्या जीपनं जाते. तुम्ही सोबत बसा ना माझ्या, हात धरून. तुम्ही चालवणार तर माझ्याजवळ कोण बसणार?
मी उठलो. आत जाऊन पडलो. संध्याकाळी चहा आला, घेतला न्हाई. रात्रीची भाकर तशीच ठेवली.
शेवटी तीच आत आली, कपाळाला हात लावून बघितला. म्हणाली, बरं, तुमच्याच गाडीनं जाऊ. उठा, जेवा.
आपली पोरगी म्हणजे आपली पोरगी. माझ्यावर पूर्ण विश्वास आहे. तीन भाकरी खाल्ल्या.

२१ एप्रिल
गाडी आज दिवसभर एकदम शांत. वायपर हलला न्हाई. कुत्रं मात्र गल्ली सोडूनच गेलंय.
पाणी भरलं, हवा बघितली. मागच्या सीटवर उशी ठेवली, वर धुतलेली चादर. तयारी पक्की.

२२ एप्रिल, मंगळवार, सकाळी १०.०५
कळा सुरू झाल्या. दैवशाला साहेबरावला फोन लावून राह्यली होती, मी फोन घेऊन ठेवला. ती अर्पिताला धरून मागं बसली. पहिल्याच सेल्फला चालू! पहिल्याच! आजवर असं कधी झालं न्हाई. हा शकूनच.

२२ एप्रिल, संध्याकाळी ७
नातू झाला. दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी. नॉर्मल. बाळ-बाळंतीण दोघं ठीक. देवाची कृपा.
प्रवास तसा व्यवस्थित झाला. गाडी एकदाच थांबली, फाटकाजवळ. मी तातडीनं खाली उतरून मदतीची व्यवस्था केली. सुग्रीवनं सहकार्य केलं. रस्त्यावरच्या लोकांनी गाडी ढकलून बाजूला घेतली. पुढचा रस्ता टरबुजाच्या पिकअपमधून झाला, कारण पिकअप रिकामाच होता.
थकलोय. बाकी उद्या.

२३ एप्रिल
फाटकाजवळ म्हणजे फाटकात. रेकॉर्ड बराबर असावं म्हणून लिहितो. पुढची चाकं रुळाच्या पलीकडं, मागची अलीकडं.
सेल्फ मारला. टक. परत मारला. टकसुद्धा न्हाई. तेवढ्यात स्टेशनच्या बाजूनं रेल्वेचा भोंगा ऐकू आला. लांब होता की जवळ, ते आता आठवत न्हाई.
मी काचेतून हात बाहेर घातला, दार उघडलं आणि मदत आणायला गेलो. काही मिनिटांत सुग्रीव गाडीजवळ पोचला आणि मागचं दार उघडलं. कामाचं वाटप असंच असतं. एकानं मदत आणायची, दुसऱ्यानं दार उघडायचं.

२४ एप्रिल
परतूरच्या बाजारात सुग्रीव सांगून राह्यलाय म्हणं, मास्तर तर पळाले. अर्धवट माहिती. मी झपझप चाललो. पळायचं माझं वय न्हाई.
फाटकाच्या पलीकडं एक कडुलिंबाचं झाड आहे, तिथपर्यंत गेल्तो. तिथून सगळं नीट दिसतं. व्यवस्था बघायची तर जागा अशीच पाहिजे.

२५ एप्रिल
दवाखान्यात डबा घेऊन गेलो. दैवशालानं दारातूनच घेतला. अर्पिता भिंतीकडं तोंड करून झोपली होती. बाळंतिणीला झोप पाहिजेच.
येताना मुद्दाम सुग्रीवकडं थांबलो. त्याला विचारलं, रेल्वे किती लांब होती? तो म्हणाला, सिग्नलच्या बाहेर उभी होती, मास्तर. फाटक उघडं असलं की रेल्वेला सिग्नल मिळतच न्हाई. भोंगा देते अन् उभी राहते.
म्हणजे धोका नव्हताच! मंग कोण उतरलं, कोण पळालं, हा विषयच उरत न्हाई. एकदम हलकं वाटलं.
सुग्रीव पुढं म्हणाला, पण हे तुम्हाला कुठं माहीत होतं.
मी त्याला येतो म्हटलं आणि निघालो.

२७ एप्रिल
सगळे घरी आले. साहेबरावच्या जीपनं.
दैवशाला पाच दिवसांनी एकच वाक्य बोलली. बाजरी निवडत होती, मान वर केली न्हाई. म्हणाली, किती काच वाजवली मी.
मला ऐकू आली नव्हती, हे तिला सांगणार होतो. भोंग्याचा आवाज होता. लोक ओरडत होते. सांगायला तोंड उघडलं तर ती सूप घेऊन आत गेल्ती.

३० एप्रिल
भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकाजवळ आला, गाडी तिथंच उभी होती. गाडी चढवताना परत पहिल्याच सेल्फला चालू झाली. तो म्हणाला, काका, चालू गाडी आहे की, कशाला देता. मी म्हटलं, घेऊन जा.
शिवाजी मिस्त्रीला दोष द्यायचं लिहिणार होतो. राधेश्यामशेठलाही. आज राहू दे.

३ मे, शनिवार
बारसं झालं. हरिओम आले, पाया पडले, बोलले चांगलं. गाडीचा विषय कुणीच काढला न्हाई. पुष्पाबाईसुद्धा आल्या. सगळ्या बायांनी पाळणा म्हटला. मी पेढे वाटले.
दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा अर्पितानं मला आत बोलावलं. बाळ माझ्या मांडीवर दिलं. पहिल्यांदाच. वजन काहीच न्हाई. झोपलेलं होतं, मुठी आवळून.
ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, बाबा, मी रागावले न्हाई. माणूस घाबरतो. मला फक्त एवढं सांगा, त्या झाडाकडं जाताना मागं वळून पाह्यलं होतं का तुम्ही?
मी म्हटलं, हो. दोनदा.
तिनं मान हलवली. डोळे पुसले आणि हसली. म्हणाली, मंग ठीक आहे.
बाळ तिच्याकडं दिलं आणि बाहेर येऊन पंगतीत वाढू लागलो.
पाह्यलं नव्हतं.