काळा बांध फोडू देऊ नका

पुणे, ८ जानेवारी १९५८

तीर्थरूप आई, पत्र वाचून दाखवणारी माझी बहीण रंगू आणि ऐकायला ओटीवर जमलेल्या सगळ्या बायांनो,

आपल्या किनाऱ्यावरचा काळा बांध सोमवारपासून सडकेच्या खडीसाठी फोडणार, आणि तुम्हाला कुणी विचारलेही नाही!

मी खुशाल आहे. खोकला जवळजवळ गेला. बाबांचा गुडघा कसा आहे?

लहानपणी त्या बांधावर बसून मी बाबांचा मचवा समुद्रावरून परतायची वाट पाहायचो. आई, तू घरातून ओरडायचीस, "जना, उतर मेल्या, भात निवला!" बांध भीमाने घातला, असे तूच सांगायचीस. परवा कॉलेजच्या वर्गात मी तेच सांगितले, तर सगळे हसले. फक्त आमचे भूगर्भशास्त्राचे सर हसले नाहीत. म्हणाले, "तो कुणी बांधलेला नाही. जमिनीच्या भेगेत शिरून थिजलेला लाव्हा आहे. ज्वालामुखीच्या अभ्यासाची सहल तिथेच नेऊ." बावीस तारखेला आम्ही येतो. त्याआधी सुरुंग लागला, तर मी त्यांना दाखवू काय?

पुरुष अर्ज घेऊन कचेरीत जातील तेव्हा जातील. तुम्ही सोमवारी सकाळी यंदाची सुपारी अंगणाऐवजी बांधावर वाळत घाला, आणि राखणीला बसून आम्ही पोहोचेपर्यंत तिथून हलू नका. तुम्ही बसलेल्या असताना सुरुंग कोण लावतो ते बघू!

तुमचा हट्टी
जनार्दन