ती एसटीनं आली होती

आई, तू जाऊन बरीच वर्षं झाली. माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते.

नव्वदच्या दशकात मंगळवार पेठेतल्या तालमीमागं तू संघटनेच्या महिला शाखेतर्फे पोरींना लाठी शिकवायचीस. रस्त्यानं मान खाली घालून जाणाऱ्या पोरी तुझ्यासमोर गरागरा काठी फिरवायच्या. मला तुझा अभिमान होता. पण मुसलमानांच्या दुकानांवर बहिष्कार घालायची संघटनेची पत्रकं, मशिदीसमोर मुद्दाम थांबवलेली मिरवणूक, यावरून आपण स्वयंपाकघरात कडाडून भांडायचो. तू भाकरी थापत राहायचीस. "कॉलेजानं बिघडवलंय तुला," एवढंच म्हणायचीस.

लग्नानंतर मी वारणानगरला शाळेत शिकवू लागले. एका दुपारी तुझ्या लाठीच्या वर्गातली एक पोरगी माझ्या दारात उभी. तिला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका मुसलमान मुलाशी लग्न करायचं होतं. नोंदणी कचेरीतल्या फलकावरची त्यांची नोटीस तुमच्या माणसांनी वाचली आणि तिच्या घरी जाऊन सांगितलं. घरच्यांनी तिला कोंडलं, तिथून ती निसटली. दुसऱ्याच दिवशी तुमची जीप आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत शिरली. पुढं तू, मागं तुमचे चौघे.

"पोरगी कुठं हाय?" तू विचारलंस.

"आत हाय. तू ये, चहा घे. ही माणसं आत येणार न्हाईत."

"त्यानं पळवलंय तिला. बाजूला हो."

मी झाले नाही. चौकटीला दोन्ही हात लावून उभी राहिले. कारखान्याची पाळी सुटली होती, येणारी-जाणारी माणसं गोळा होत होती. तुमच्यातला एक जण मला ढकलायला पुढं आला, तशी ती पोरगी माझ्या हाताखालून बाहेर आली आणि सरळ तुझ्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाई, मला कुणी पळवलं न्हाय. मी माझ्या मनानं आलोय. यष्टीनं आलोय, तिकीट काढून."

गर्दीत कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मात्र तुझ्याकडं बघत होते. तू त्या माणसाचा दंड धरून त्याला मागं ओढलंस आणि मला म्हणालीस, "आजपास्नं तू मेलीस मला."

त्याच संध्याकाळी त्या मुलाचं दुकान फुटलं. पोलिसांनी जीपमधल्या त्याच चौघांना धरलं, आणि ते जामिनावर सुटले तेव्हा तू त्यांना हार घातलेस. पेपरातल्या त्या फोटोत तू हसते आहेस. लग्न मात्र झालं, आई. साक्षीदार म्हणून मी सही केली. ती दोघं आता कुरुंदवाडला असतात, आणि त्यांची थोरली लेक आईपेक्षा मोठ्यानं बोलते.

तू शब्दाला पक्की. पुन्हा माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. तू गेल्याचं मला शेजारणीनं कळवलं. आले तेव्हा तुला बाहेर ठेवलेलं आणि अंगावर संघटनेचा झेंडा पांघरलेला. मी तो काढला, घडी घालून त्यांच्या हातात दिला आणि तुझं इरकली लुगडं तुझ्यावर घातलं. एक जण चिडून म्हणाला, "बाईंचीच इच्छा होती तशी."

"असंल. पावणं, बाजूला व्हा. माझी आई हाय ती."

खरंच तुझी इच्छा असेल. तरी मी काढला, आणि उद्या वेळ आली तर पुन्हा काढीन. त्या दारातही पुन्हा उभी राहीन, समोर तू असलीस तरी.

हे तुझ्या हाती पडलं असतं तर न वाचता चुलीत घातलं असतंस, म्हणून ते माझ्याजवळच राहील. एकच सांगायचं राहिलं. आता अशा लग्नांच्या बाजूनं बोलायला मला सभांना बोलावतात, तिथं आमच्या बाजूची माणसं कधी कधी तुझा विषय काढतात. ती दंगेखोर बाई, म्हणतात. खोटं नाही ते. पण माझ्याच्यानं ऐकवत नाही. मी उठते आणि त्यांच्याशी भांडते.