भात सोडल्यावर

३ मे
आजपासून भात बंद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुगर, सुटलेलं पोट, लिव्हरवरची चरबी एकत्र आली की कॅन्सरचा धोकाही वाढतो. पाळी गेल्यानंतर कधी डाग दिसला का, विचारलं. नाही म्हटलं. एकदा दिसला होता, पण तो उन्हाचा. तरी सोनोग्राफीची चिठ्ठी दिलीच. लॅबवाला त्यांच्याच आडनावाचा. भाचा असणार. समजलं सगळं.

६ मे
सकाळी पोहे, दुपारी तांदळाचे आयते, म्हणजे धिरडीच, संध्याकाळी मुरमुरे. भाताचं शीत नाही. तरी शुगर वाढलेली. मशीन सुनेनं, रश्मीनं, ऑनलाइन मागवलंय. शंका आहेच. यांना सांगितलं तर म्हणाले, मंग पोहे कायचे असतेत वं, गव्हाचे? जन्म राईस मिलमध्ये गेला, बोलण्याला पॉलिश नाही.

९ मे
हे आणि रश्मी ओट्याशी कुजबुजत होते. मी जाताच पंख्याचा विषय काढला. पंखा उत्तम चालतोय.
डाग पुन्हा. ऊन फार. बडीशेपेचं पाणी सुरू केलं, खडीसाखर घालून. थंड असते.
शाळेत सिस्टर बर्नाडेट जॅम लावलेला बन द्यायच्या, गाल ओढून हेल्दी गर्ल म्हणायच्या. तेव्हा गुबगुबीत असण्याचा रिपोर्ट निघत नसे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
विहारात खीरदान. दानाला नाही म्हणू नये. दोन वाट्या घेतल्या. तिसरी रश्मीसाठी. घरी फुलचूरपर्यंत ऑटोत सांडली असती, म्हणून खाल्ली.

१४ मे
रश्मी दार लावून म्हणाली, आई, धुणं मीच वाळत घालते ना, मला दिसत नाही का? कुजबुज याचीच होती. उद्याची अपॉइंटमेंट घेऊन ठेवलीय. माझ्यामागे! जाईन, पण चूक डॉक्टरीणबाईंचीच निघेल.

१५ मे
सोनोग्राफी झाली. गर्भाशयाचं अस्तर जाड आहे. तुकडा तपासायला घेतला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं, किती वेळा? मी एकदा म्हटलं. रश्मीनं माझा हात धरला. मग खरं सांगितलं. फाल्गुनापासून.
लॅबवाला भाचा नाही. छत्तीसगडचा आहे.
घरी आले तर यांनी ज्वारीची भाकर थापलेली. आयुष्यात पहिल्यांदा. वाकडी, मधे कच्ची. म्हणाले, खाऊन घे, मीबी हेच खाऊन राहिलो.
रिपोर्ट मंगळवारी. आज कोणावर शंका घ्यावी, सुचेना. भाकर खाल्ली.